चिठ्ठीवरील ‘आर ४’ या श्रेणीवरून रोमन नाण्याची दुर्मिळता ठरते का?

नौपाडाकर (ठाणे) – प्रश्न

सर्वांना नमस्कार. गेली सहा वर्षे मी पश्चिम क्षत्रपांची, म्हणजे प्राचीन काळी पश्चिम भारतात राज्य करणाऱ्या राजांची, चांदीची नाणी जमवतो आहे. त्या नाण्यांच्या कडेने दिसणाऱ्या बिघडलेल्या ग्रीक अक्षरांमुळे भूमध्य समुद्राकडील नाण्यांविषयी कुतूहल वाढले आणि आता रोमन नाण्यांकडे वळावे, असे वाटू लागले आहे. गेल्या महिन्यात ठाण्यातील एका नाणे-प्रदर्शनात एका विक्रेत्याने मला सम्राट पहिला काँस्टंटाइन याचे एक छोटे कांस्य नाणे दाखवले. किंमत १४,००० रुपये सांगितली आणि जुनी ओळख असल्यामुळे आठ दिवस पसंतीसाठी ते घरी नेऊ दिले.

नाणे आत्ता माझ्यासमोर आहे. व्यास १७ मिलिमीटर, वजन २.३ ग्रॅम, रंग गडद हिरवा. दर्शनी बाजूस उजवीकडे पाहणारा सम्राट आहे. मागच्या बाजूस भाला आणि ढाल घेतलेले दोन सैनिक समोरासमोर उभे असून त्यांच्यामध्ये दोन ध्वजदंड आहेत. भोवती ‘ग्लोरिया एक्झेर्सितुस’, म्हणजे सैन्याचा गौरव, अशी अक्षरे आहेत. सैनिकांच्या पायाखालच्या रेषेखाली ‘एसएमके’ आणि त्यापुढे आणखी एक अक्षर आहे. पाकिटातील चिठ्ठीवर ‘सिझिकस टांकसाळ, आरआयसी खंड ७, आर ४, अतिदुर्मिळ’ असे लिहिले आहे. सिझिकस हे आजच्या तुर्कस्तानातील प्राचीन शहर, आणि ‘एसएमके’ ही तेथील टांकसाळीची खूण.

माझा गोंधळ असा की, याच चित्राची नाणी जुन्या लिलावांच्या नोंदींमध्ये शेकड्यांनी दिसतात आणि त्यांतील बहुतेक अगदी कमी किमतीला गेलेली आहेत. मग ही श्रेणी चुकीची समजायची, की विक्रेता सांगतो त्याप्रमाणे मला फरक ओळखता येत नाही, असे समजायचे?

खाडीकिनारा (कोपरी, ठाणे पूर्व)

आपली शंका रास्त आहे, आणि चिठ्ठीवरील श्रेणीही कदाचित बरोबर असेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. त्यासाठी ती श्रेणी कशावरून दिली गेली, हे पाहावे लागते.

आरआयसी, म्हणजे ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’, हा दहा खंडांचा कॅटलॉग आहे. पहिला खंड १९२३ मध्ये आला आणि दहावा १९९४ मध्ये. इतक्या दीर्घ काळात वेगवेगळ्या अभ्यासकांनी हे काम केल्यामुळे एका खंडातील ‘आर ४’ आणि दुसऱ्या खंडातील ‘आर ४’ यांचा अर्थ सारखा राहिलेला नाही. सातवा खंड इ. स. ३१३ ते ३३७ या काळाचा असून तो पॅट्रिक ब्रून यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी जे संग्रह तपासले, त्यांत एकच नमुना मिळाला तर आर ५, दोन किंवा तीन मिळाले तर आर ४, चार ते सहा मिळाले तर आर ३, अशी ती मोजणी आहे. जगात त्या प्रकारची किती नाणी शिल्लक आहेत, याचा तो अंदाज नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. या खंडात टांकसाळ, सम्राट किंवा युवराज, डोक्यावरील भूषणाचा प्रकार, टांकसाळीची खूण आणि त्याच टांकसाळीतील प्रत्येक कार्यशाळेचे अक्षर, एवढे विभाग पाडून प्रत्येकाला स्वतंत्र श्रेणी दिलेली आहे. आपण मराठी माणसे, म्हणून शिवराईचे उदाहरण देतो. शिवराई महाराष्ट्रात कुठेही मिळते. परंतु अक्षरांचे वळण, ओळींची मांडणी आणि टिंबांच्या जागा यांनुसार तिचे बारीक उपप्रकार पाडत गेलो, तर शेवटी असा एखादा उपप्रकार उरतोच की ज्याचे दोनच नमुने आपल्या पाहण्यात आले आहेत. त्या दोन नाण्यांना अभ्यासक निश्चितच जपून ठेवील, पण म्हणून शिवराई दुर्मिळ ठरत नाही. आपल्या नाण्याचे चित्र साधारण ३३० ते ३३५ या काळात साम्राज्याच्या बहुतेक टांकसाळींनी प्रचंड संख्येने पाडले. त्या चित्राला ‘दुर्मिळ’ हा शब्द लागू पडत नाही. लागू पडलाच तर तो केवळ ‘एसएमके’पुढील कार्यशाळेच्या अक्षराला लागू पडेल.

तिसरे, १९६६ नंतर परिस्थिती पार बदलली आहे. मोठ्या संग्रहालयांनी आणि जुन्या व्यापाऱ्यांनी या स्वस्त कांस्य नाण्यांकडे फारसे लक्ष दिले नव्हते, त्यामुळे त्यांच्या संग्रहांत ती कमी होती. पुढे धातुशोधक यंत्रे सर्वांच्या हाती आली आणि युरोपातील शेतांमधून अशी नाणी पोत्यांनी निघाली. ब्रिटनमध्ये १९९७ पासून सामान्य लोकांना सापडलेल्या पुरावस्तूंची पद्धतशीर नोंद होते, त्या नोंदींतही हीच नाणी मोठ्या संख्येने भेटतात. इंग्लंडमधील फ्रोम येथे २०१० मध्ये एकाच रांजणात ५२,५०३ नाणी सापडली. ती आपल्या नाण्यापूर्वीच्या काळातील आहेत, पण एका रांजणाने जुन्या मोजण्या कशा उलटू शकतात, याची कल्पना त्यावरून यावी.

उलट उदाहरणही आहे. डोमिशियानस नावाच्या तिसऱ्या शतकातील एका बंडखोर सम्राटाचे नाणे १९०० मध्ये फ्रान्समध्ये सापडले होते, तेव्हा ते बनावट असावे म्हणून बाजूला पडले. २००३ मध्ये इंग्लंडमधील चॅलग्रोव्ह येथील सुमारे पाच हजार नाण्यांच्या निधीत, म्हणजे एकत्र पुरलेल्या साठ्यात, एकमेकांना चिकटलेल्या नाण्यांमध्ये त्याचे दुसरे नाणे मिळाले आणि पहिलेही खरे ठरले. दुसरा नमुना मिळाल्यावर त्या नाण्याचे महत्त्व कमी होण्याऐवजी वाढले. खरी दुर्मिळता म्हणतात ती ही: शंभर वर्षे शोध चालू राहिला, लाखो नवी नाणी बाहेर आली, तरी हाती दोनच.

किंमत हा आणखी वेगळा विषय आहे. ब्रूटसने सीझरच्या वधानंतर पाडलेली, दोन खंजीर आणि टोपी असलेली चांदीची सुमारे शंभर नाणी ज्ञात आहेत. शंभर हा आकडा काही फार लहान नाही, तरीही त्यांची किंमत आपल्यासारख्यांच्या कल्पनेपलीकडची असते, कारण ते नाणे जगातील प्रत्येक संग्राहकाला हवे आहे. इ. स. ६९ मध्ये जेमतेम तीन महिने राज्य केलेल्या ओथोचेही तसेच: ‘बारा सीझर’, म्हणजे ज्युलियस सीझरपासूनचे पहिले बारा रोमन सत्ताधीश, हा संच पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला त्याचे एक तरी नाणे लागतेच. आपल्या नाण्यावरील कार्यशाळेचे अक्षर मात्र हव्या असणाऱ्या लोकांची संख्या बहुधा त्या नाण्यांच्या संख्येपेक्षाही कमी असेल.

ठसाजोड (नेरूळ, नवी मुंबई)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. एखाद्या प्रकाराची नाणी मुळात कमी पाडली गेली, की खूप पाडली जाऊनही कमी उरली, हे ठशांवरून, म्हणजे ज्यांनी नाण्यावर चित्र उमटवले जाते त्या साच्यांवरून, कळते. समजा, एका प्रकाराचे दहा नमुने उपलब्ध आहेत. ती दहाही नाणी वेगवेगळ्या ठशांमधून निघाली असतील, तर अजून न पाहिलेले ठसे पुष्कळ असणार आणि नवे नमुने येत राहणार, हे उघड आहे. दहाही नाणी दोनच ठशांमधून निघालेली असतील, तर निर्मितीच अल्प होती, असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते. डोळ्याच्या कडेपासून एखाद्या अक्षराच्या टोकापर्यंतचे अंतर, केसांच्या बटांची संख्या, ठशाला गेलेली बारीक चीर, असे सर्व जुळवून हे काम करावे लागते. त्याला वेळ लागतो, पण त्यातून मिळणारे उत्तर कोणत्याही छापील श्रेणीपेक्षा भक्कम असते.

लिलावांच्या जुन्या नोंदी मोजताना एक काळजी अवश्य घ्यावी. तेच नाणे पाच वर्षांत तीन ठिकाणी विकले जाते आणि आपण त्याला तीन नाणी समजतो. कडेचा आकार आणि हिरव्या थरावरील डाग ताडून पाहिल्याशिवाय संख्या लिहू नये.

जुनेबंदर (कळवा)

नौपाडाकर, आपण रोमन नाण्यांकडे वळणारच असाल तर स्थानाचा मुद्दा आधी लक्षात घ्यावा. आपल्या शेजारचे कल्याण ‘पेरिप्लस’मध्ये, म्हणजे सागरी व्यापाराविषयीच्या प्राचीन ग्रीक ग्रंथात, कॅलिएना या नावाने येते, त्यामुळे ‘कोकणात सापडलेले रोमन नाणे’ असे सांगून किंमत चढवणारे लोक भेटतात. रोमन नाण्यांचे मोठे निधी प्रामुख्याने दक्षिण भारतात मिळाले आहेत. त्यांतील चांदीची नाणी बहुसंख्येने दोनच प्रकारची असतात: ऑगस्टसचे, ज्यावर त्याचे नातू गायस आणि ल्युसियस उभे आहेत ते, आणि टायबेरियसचे, ज्यावर बसलेली स्त्री आहे ते. इ. स. ६४ मध्ये नीरोने देनारियस या रोमन चांदीच्या नाण्याचे वजन आणि त्यातील चांदी कमी केली, त्यानंतरची नाणी येथे विरळ होतात. म्हणजे रोममध्ये सामान्य असलेले नंतरचे एखादे चांदीचे नाणे भारतीय निधीत असाधारण ठरते, आणि टायबेरियसचे नाणे येथेही सामान्यच राहते. पुदुकोट्टई येथे १८९८ मध्ये मिळालेल्या ५०१ सुवर्णनाण्यांपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर मुद्दाम छिन्नीचा घाव घातलेला आहे. युरोपातील संग्राहक असा घाव दोष मानतो, परंतु भारताच्या इतिहासासाठी तोच घाव मौल्यवान पुरावा आहे.

हे सर्व अर्थातच सापडण्याच्या ठिकाणाची लेखी नोंद असेल तरच. नोंद नसेल तर ‘स्थानिक सापड’ या शब्दांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. शिवाय जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक मूल्याचे गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे नुकतेच शेतातून निघालेले नाणे कोणी देऊ केले, तर ते घेऊच नये.

नौपाडाकर (ठाणे)

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आज सकाळी खिडकीतल्या उजेडात दहा पटींच्या भिंगाखाली नाणे पुन्हा पाहिले. ‘एसएमके’ स्वच्छ वाचता येते. त्यापुढचे अक्षर मात्र वरच्या अर्ध्यात झिजलेले आहे आणि उरलेला खालचा वळसा पाचव्या कार्यशाळेच्या अक्षराचाही असू शकतो, सहाव्या कार्यशाळेच्याही. चिठ्ठीवरील श्रेणी यांपैकी एकाच कार्यशाळेची आहे. सायंकाळी विक्रेत्याला हे भिंगाखाली दाखवले. त्याने स्वतः दोन वेळा पाहिले, अक्षर निश्चित वाचता येत नाही हे मान्य केले आणि माझ्यासमोर ती चिठ्ठी बदलली. सैनिकांच्या शिरस्त्राणांवरचे बारीक काम मला फार आवडले आहे, म्हणून ते नाणे मी १,२०० रुपयांना घेतले. पाकिटात आता माझी स्वतःची चिठ्ठी आहे: सिझिकस, ३३० ते ३३५, कार्यशाळा अनिश्चित, वजन २.३ ग्रॅम.