मदत हवी आहे: चार्टर स्कूल की ऑनलाइन पब्लिक स्कूल? लवकर ठरवायचं आहे

केतकी_पी
इथे अमेरिकेत चार्टर स्कूल आणि ऑनलाइन पब्लिक स्कूल, यातलं मुलांसाठी काय बरं? दोन्हीकडे फी नाही एवढं कळलंय. एका ऑनलाइन शाळेत फोन केला तर ती बाई म्हणाली आजच अर्ज भरा, जागा भरत आल्यात. ऑगस्टमध्ये शाळा सुरू होणार. गूगल करून झालंय, जाहिरातींशिवाय काही मिळत नाही. ज्यांची मुलं अशा शाळेत आहेत किंवा होती त्यांनी लिहा, प्लीज.

डॅलसकर
चार्टर. डोळे झाकून. आमची दोन्ही मुलं पहिल्यापासून चार्टरमध्ये आहेत. गणित दीड-दोन वर्षं पुढे आहे आणि शिक्षक स्वतःहून फोन करतात. बस नाही, मोठं मैदान नाही, पण अभ्यासाची शिस्त पाहिजे असेल तर दुसरीकडे बघूच नका.

गवतीचहा
कोणतं राज्य? मुलं कितवीत? आत्ता कुठल्या शाळेत आहेत? आणि ती शाळा का सोडताय? हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

केतकी_पी
कॅलिफोर्निया. लेक आठवीत जाईल, मुलगा तिसरीत. आत्ता घराजवळच्या डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे नेहमीच्या सरकारी शाळेत आहेत. शाळेबद्दल तक्रार नाही.

मास्तर_मिनेसोटा
मी इथे बरीच वर्षं शिकवलं, म्हणून मुळापासून सांगतो. चार्टरचा पहिला कायदा आमच्या मिनेसोटाने केला, १९९१ साली. पहिली शाळा १९९२ मध्ये सेंट पॉलला उघडली. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी कायदा केला, तो देशातला दुसरा. चार्टर शाळा सरकारी पैशावर चालते, पण रोजचा कारभार डिस्ट्रिक्टकडे नसतो. शाळेला करारावर परवाना मिळतो, ठरावीक वर्षांनी तपासणी होते, आणि कामगिरी नसेल तर परवाना जातो. फी घेता येत नाही. प्रवेश परीक्षा घेऊन मुलं निवडता येत नाहीत. अर्ज जास्त आले तर लॉटरी काढावीच लागते.

केतकीताई, तुमच्या प्रश्नात एक गोंधळ आहे. 'चार्टर' म्हणजे शाळा कोण चालवतं, आणि 'ऑनलाइन' म्हणजे कशी शिकवतात. ऑनलाइन पब्लिक स्कूल डिस्ट्रिक्टचं असू शकतं, राज्याचंही असू शकतं. फ्लोरिडात १९९७ पासून राज्याचंच आहे. तुम्हाला फोनवर भेटली ती बहुधा ऑनलाइन चार्टर असावी. तेव्हा आधी घरून शिकायचं की वर्गात जाऊन, हे ठरवा.

श्री_एडिसन
आमच्या न्यू जर्सीत पूर्णवेळ ऑनलाइन चार्टर बघितली नाही कधी. माझा मुलगा ऑक्टोबरमध्ये पाच पूर्ण करतोय, त्याला केजीत घेतील का? डिस्ट्रिक्टची पाच पूर्ण असण्याची तारीख १ ऑक्टोबर आहे. कोणी अपवाद करून घेतलाय का?

रानफूल
ऑनलाइनच्या भानगडीत पडू नका. स्टॅनफर्डच्या क्रेडो या गटाने २०१५ मध्ये ऑनलाइन चार्टरच्या मुलांची तुलना साध्या शाळेतल्या तशाच मुलांशी केली होती. वाचनात वर्षाला ७२ दिवसांचं शिक्षण कमी भरलं आणि गणितात १८० दिवसांचं. शाळेचं अख्खं वर्षच १८० दिवसांचं असतं, म्हणजे गणितात वर्ष वाया! ओहायोत इकॉट नावाची प्रचंड ऑनलाइन चार्टर जानेवारी २०१८ मध्ये ऐन वर्षाच्या मधोमध बंद पडली. १२ हजारांच्या आसपास मुलं एका फटक्यात दुसरी शाळा शोधत फिरली. 'जागा भरत आल्यात' म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा की मागच्या वर्षी आलेल्यांतली किती मुलं यंदा टिकली.

गवतीचहा
रानफूल, आकडे खरे आहेत, पण ऑनलाइनला जाणाऱ्यांत आजारी मुलं असतात, शाळेत छळ झालेली असतात, खेळात किंवा नाचात पूर्णवेळ असलेली असतात. माझी मुलगी दीर्घ आजारामुळे गेली होती. ती शाळा नसती तर तिचं वर्ष बुडालं असतं.

रानफूल
म्हणूनच तर 'तशाच मुलांशी' लिहिलं. मागचे गुण, घरची परिस्थिती सारखी असलेली मुलं घेतली होती. तुमच्या मुलीला फायदा झाला हे मान्य, पण तक्रार नसलेल्या शाळेतून धडधाकट मुलं काढून तिथे का घालायची?

डॅलसकर
तेच म्हणतो. वर्गातली चार्टर घ्या.

मास्तर_मिनेसोटा
डॅलसकर, टेक्सासच्या तुमच्या एका शाळेवरून कॅलिफोर्नियातल्या शाळा कशा ठरवायच्या? चार्टर-चार्टरमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. शिवाय लॉटऱ्या बहुतेक ठिकाणी वसंतातच होऊन जातात. आत्ता मिळाली तर वेटलिस्ट.

गवतीचहा
केतकी, रानफूलचा प्रश्न तुम्हालाच आहे. शाळा चांगली आहे, मग बदलताय कशासाठी?

केतकी_पी
सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन आहे पुण्यात. घरी दुसरं कोणी नाही. नवरा इथे नोकरीवर, त्याला महिनाभरच येता येईल. मी ऑगस्ट ते डिसेंबर मुलांना घेऊन तिथे राहणार आहे. म्हणून ऑनलाइन. लॅपटॉप घेतला की कुठूनही शिकता येतं असं वाटलं. त्यात चार्टरही फुकट असं ऐकलं, म्हणून दोन्ही विचारलं.

गवतीचहा
अहो, मग सगळा प्रश्नच बदलला!

ऑनलाइन 'पब्लिक' स्कूल म्हणजे कॅलिफोर्नियाच्या पैशावर, कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मुलांसाठी. घरून शिकवणाऱ्या चार्टरला ती ज्या काउंटीत आहे तिथली आणि लगतच्या काउंट्यांतलीच मुलं घेता येतात. नाव घालताना पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो आणि लेखी करारावर पालक, मूल, शिक्षक तिघांच्या सह्या होतात. आमच्या करारात होतं की राज्याबाहेर जास्त दिवस राहिलात तर नाव कमी होईल. तुमच्या शाळेचा नियम काय आहे ते त्या बाईंना ईमेलने विचारा, फोनवर नको. 'आम्ही चार महिने भारतात असू, नाव राहील का?' एवढं एकच वाक्य लिहा.

आणि तुम्ही धरलेली दिसत नाही अशी गोष्ट: तिसरीच्या मुलाला ऑनलाइन शाळा तुम्हीच शिकवणार. शिक्षक आठवड्यातून काही तास पडद्यावर, बाकी वेळ घरचं मोठं माणूस शेजारी. त्याला ते लर्निंग कोच म्हणतात. प्रत्यक्षात ती आई असते. ऑपरेशन झालेल्या सासूबाईंना उठवणं-बसवणं, फिजिओथेरपी, डॉक्टरांच्या फेऱ्या, आणि वर हे. शिवाय लाइव्ह तास. इथे सकाळी ९ ला तास असेल तर पुण्यात रात्रीचे साडेनऊ, आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं मागे गेली की साडेदहा. आठ वर्षांचं पोर त्या वेळी बसेल का?

पिंपळपान
पुण्यात येताच आहात तर एनआयओएस बघा ना. मुक्त विद्यालय, भारत सरकारचं बोर्ड. माझ्या पुतण्याने दहावी तिथूनच केली, छान झाली.

रानफूल
चार महिन्यांसाठी बोर्ड बदलायचं? त्यांना डिसेंबरनंतर परत यायचं आहे.

पिंपळपान
पर्याय म्हणून सांगितला. परत जाण्याचे बेत पुढे सरकतात, आम्ही घरात पाहिलंय.

डोंगरवाट
इथे कॅलिफोर्नियात, ईस्ट बेत आम्ही हेच केलं होतं, वडील आजारी असताना. दोन गोष्टी.

एक, शाळेच्या ऑफिसात 'इंडिपेंडंट स्टडी' विचारा. डिस्ट्रिक्टच्या शाळेतच असतं हे. ठरावीक दिवसांचा करार करतात, शिक्षक काम देतात, ते पूर्ण करून दिलं की हजेरी लागते. पण ते थोड्या दिवसांच्या प्रवासासाठी असतं. चार महिने बहुतेक शाळा देणार नाहीत.

दोन, ते नाही जमलं तर रीतसर नाव काढा. नुसतं निघून जाऊ नका. इथे वर्षातले १० टक्के दिवस, म्हणजे १८, चुकले की मूल कायमच्या गैरहजरांत मोजलं जातं आणि घरी पत्रं सुरू होतात. नाव काढताना गुणपत्रक, लसींची नोंद आणि आयईपी किंवा ५०४ (विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीची शाळेची लेखी योजना) असेल तर त्याच्या प्रती मागून घ्या. परत आल्यावर पत्त्याचा पुरावा दिला की डिस्ट्रिक्टला मुलांना घ्यावंच लागतं. फक्त *त्याच* शाळेत जागा असेल याची खात्री नाही. वर्ग भरला असेल तर जवळच्या दुसऱ्या शाळेत पाठवतात. आमच्या धाकट्याचं तसं झालं. वर्षाअखेरीस जुन्या शाळेत परतला, पण ते महिने सकाळी दोन शाळांत सोडणं फार जड गेलं. म्हणून घर सोडू नका, भाडेकरार आणि विजेचं बिल चालू ठेवा.

केतकी_पी
घर चालूच राहणार, नवरा इथे आहे. आयईपी नाही. पण लेकीचं काय? आठवीचं अर्धं वर्ष कोरं राहिलं तर कॉलेजला दिसेल ना? आणि घरीच शिकवते म्हणून फॉर्म भरतात तो?

डोंगरवाट
तो प्रायव्हेट स्कूल अ‍ॅफिडेव्हिट. दरवर्षी १ ते १५ ऑक्टोबरमध्ये भरतात. इथे राहून घरी शिकवणाऱ्यांचा आहे तो, तुम्ही त्या वेळी पुण्यात असणार.

आठवीची काळजी करू नका. युसी (कॅलिफोर्निया विद्यापीठ) प्रवेशासाठी जे गुण धरते ते नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचे. नववीत असती तर मी वेगळं सांगितलं असतं, कारण तेव्हा युसीच्या प्रवेशाला लागणाऱ्या ए-जी यादीतले विषय पुरे करायचे असतात. लेकीचं फक्त गणित सांभाळा. परत आल्यावर नववीत कुठल्या गणितात बसवायचं ते आठवीवरून ठरतं. जायच्या आधी गणिताच्या शिक्षकांकडून डिसेंबरपर्यंतच्या धड्यांची यादी घ्या आणि पुस्तक बरोबर न्या. परत आल्यावर चाचणी घेऊन बसवाल का, हेही आत्ताच विचारा.

मुलाचं म्हणाल तर तिसरीपासून राज्याची परीक्षा सुरू होते, पण ती वसंतात. तोवर तुम्ही इथे असाल.

गवतीचहा
डोंगरवाटला पूर्ण अनुमोदन. आणि आजीजवळ चार महिने मराठी वाचायला शिकेल तो, हेही धरा.

श्री_एडिसन
केजीचं कोणीच सांगितलं नाही 🙏

मास्तर_मिनेसोटा
एडिसनकर, वेगळा धागा काढा, तिथे सांगतो. तारखेनंतर जन्मलेल्यांना घ्यायचं की नाही हे तुमचं डिस्ट्रिक्ट ठरवतं. आधी त्यांनाच विचारा.

डॅलसकर
परत आल्यावर तरी चार्टरच्या लॉटरीत नाव घाला. जानेवारीत अर्ज सुरू असतात. एकाला मिळालं की भावंडाला प्राधान्य देतात.

केतकी_पी
ऑनलाइन शाळेला ईमेल केला होता. उत्तर आलं: 'राज्याबाहेरचा दीर्घ मुक्काम चालणार नाही.' फोनवर हे का सांगितलं नाही कळत नाही. मी तर अर्ज अर्धा भरून ठेवला होता.

शाळेचं ऑफिस उन्हाळ्यात बंद आहे, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उघडेल. तिकिटं १२ ऑगस्टची आहेत. तेवढ्यात नाव काढणं आणि कागद मिळणं होईल का?

डोंगरवाट
शाळा बंद असली तरी डिस्ट्रिक्टचं ऑफिस उन्हाळ्यात उघडं असतं. उद्याच जा. नाव काढायचा फॉर्म तिथेही मिळतो. निघताना तारखेचा शिक्का असलेली प्रत घ्या, आणि जानेवारीत परत येणार असल्याचं त्यांच्याकडे लेखी नोंदवून ठेवा. लसींची नोंद मुलांच्या डॉक्टरांकडूनही मिळेल, तेवढ्यासाठी शाळेची वाट बघू नका.