मदत हवी आहे: पाणी आणि पेन्शनसाठी तीन निवेदनं दिली, काहीच हललं नाही, आता पुढं काय करावं? (सोलापूर)

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसती वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ. मी सोलापूरच्या पूर्व भागातली. आमच्या गल्लीत निम्म्या घरात अजून विड्या वळतात, बाकीच्या घरातली माणसं कारखान्यावर जातात (आमच्याकडं पॉवरलूमला कारखानाच म्हणतात). मी शिवणकाम करते, बारावी झालंय, मराठी नीट लिहिता येतं म्हणून गल्लीतले सगळे अर्ज माझ्याकडंच येतात. घरात आम्ही तेलुगू बोलतो त्यामुळं ऑफिसचं मराठी मलाही जड जातं, शब्द चुकले तर सांगा.

विषय दोन आहेत, पण आमच्यासाठी ते एकच आहेत, का ते सांगते.

पहिला पाण्याचा. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं. उजनी धरणाची पातळी प्लसमध्ये असो नाहीतर मायनसमध्ये, आमच्या नळाला काही फरक पडत नाही. चार दिवसांनी येतं त्याचीसुद्धा आता सवय झालीय, खरी अडचण वेळेची आहे. कधी रात्री दोनला सुटतं, कधी पहाटे चारला, कधी सांगितलेल्या दिवशी येतच नाही. घरातलं एक माणूस जागं राहणारच, आणि ते बाईच असते. विडीची मजुरी दर हजार विड्यांवर असते, रात्रभर घागरी आणि बॅरल भरले की दुसऱ्या दिवशी मान वर होत नाही, पत्ता (विडीचं तेंदूपान) कापायला बसलं तरी हात चालत नाही, हजाराच्या जागी सातशे-साडेसातशेच होतात. म्हणजे त्या रात्रीच्या पाण्याचे पैसे तिच्याच मजुरीतून गेले. पाणीपट्टी वेगळी भरतोच. हे मी निवेदनात लिहिलं होतं, पण वाचलं कुणी असं वाटत नाही.

दुसरा पेन्शनचा. आमच्या समोरच्या घरात एक अक्का आहेत, सत्तरीच्या, एकट्याच. श्रावणबाळ योजनेचे (म्हाताऱ्या गरीब माणसांची सरकारी पेन्शन) महिन्याला १५०० रुपये यायचे, ते कित्येक महिने बंद आहेत. कारण काय तर पडताळणीला अंगठा उठत नाही. दहाव्या वर्षापासून विड्या वळल्यात त्यांनी, साठ वर्षं पत्ता आणि तंबाखू, बोटांच्या रेषाच राहिल्या नाहीत. मशीनवर अंगठा ठेवतात, लाल दिवा, परत ठेवतात, परत लाल. मशीनवरचा मुलगा म्हणाला हात धुऊन या. अक्का तिथल्या नळावर हात धुवायला गेल्या तर तिथं पाणी नव्हतं. मी सोबत होते. त्या काही बोलल्या नाहीत, पदराला हात पुसून परत रांगेत उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून मला झोप लागेना म्हणून हे सगळं लिहायला घेतलं.

अशा अंगठा न उठणाऱ्या आमच्या दोन गल्ल्यांत मिळून चार जणी आहेत. पाचव्या एक विधवा काकू, त्यांचा अर्ज उत्पन्नावरून नामंजूर झाला. वर्षाला २१,००० ची अट, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. आता सांगा, महिन्याला १,७५० मध्ये सोलापुरातच काय कुठंही कोण जगतं? काकूंना पीएफची पेन्शन हजार रुपये येते, वरून थोड्या विड्या वळतात, झाल्या त्या अटीच्या बाहेर. म्हणजे हात चालतो तेवढा चालवला म्हणून मदत बंद.

आम्ही या सगळ्याचं मिळून एक निवेदन केलं, १६३ सह्या आणि अंगठे, तीन पानी. तीनदा दिलं. ऑफिसचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कुणाची तक्रार करायला हा धागा काढलेला नाही. दोनदा काहीच उत्तर नाही, तिसऱ्यांदा एका ओळीचं पत्र आलं, "आपले निवेदन पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव संबंधितांकडे वर्ग करण्यात आले आहे". संबंधित म्हणजे कोण ते लिहिलेलं नाही. गल्लीतले आता मलाच विचारायलेत की ताई काय झालं, सह्या तर घेतल्या होत्या. नगरसेवकाकडं जा म्हणून सांगू नका प्लीज, ते सगळं करून झालंय.

मला विचारायचंय ते हे की निवेदन कसं लिहायचं म्हणजे ते बाजूला पडणार नाही, लोकशाही दिनात (अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस) जाऊन उपयोग होतो का, माहिती अधिकार टाकला तर त्या म्हाताऱ्या बायकांना पुढं काही त्रास होईल का, आणि अंगठ्याला दुसरा काही पर्याय खरंच आहे का नुसतं बोलायला आहे. कुणी स्वतः केलं असेल तर सविस्तर सांगा.

जुळे_सोलापूरकर
ताई पोच आहे का? आवक नंबर आणि शिक्का असलेली प्रत? ती नसेल तर तीनदा दिलं हे फक्त तुम्हालाच माहीत.

धागाकर्ती
पहिल्या वेळची नाही, साहेबांच्या हातात दिलं होतं, ते म्हणाले बघतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळची आहे, शिक्क्यासहित.

माजी_अव्वल_कारकून
ताई, मी महसूलमध्ये तीस वर्षं काढली, आता रिटायर आहे, त्यामुळं जरा मोकळं लिहितो. तुमचं निवेदन मनापासून लिहिलेलं आहे हे कळतंय, पण ते अडकलं कशामुळं हे मला इथूनच दिसतंय. तीन पानात तुम्ही तीन वेगळ्या टेबलांची कामं एकत्र घातली. पाणी सोडायची वेळ हा पाणीपुरवठ्याचा विषय. अक्कांची पेन्शन तहसीलच्या संजय गांधी निराधार योजनेच्या शाखेचा. आणि २१,००० ची अट तर मंत्रालयाची, ती इथला कुठलाच अधिकारी बदलू शकत नाही, मनात असलं तरी. असा कागद आला की ज्याच्या टेबलावर पडतो तो आपल्या विषयाचा नाही तेवढा भाग बघतो आणि "वर्ग" करतो. मी पण केलेत, खोटं कशाला बोलू.

तेव्हा तीन कागद करा. प्रत्येकावर एकच मागणी, एका पानात, आणि मागणी अशी की ज्याचं उत्तर हो किंवा नाही येईल. "पाणीपुरवठा सुरळीत करावा" लिहिलं की "प्रयत्न सुरू आहेत" येतं. त्याऐवजी "आमच्या भागाचं वेळापत्रक लेखी द्यावं आणि रात्री ११ ते पहाटे ५ सोडू नये" असं लिहा. महापालिका अधिनियम १९४९ च्या कलम ६३ मध्ये पाणीपुरवठा हे बंधनकारक कर्तव्य आहे, तेवढा एक उल्लेख वर टाका, जास्त कलमं टाकू नका. आणि विडीच्या मजुरीचं जे तुम्ही इथं लिहिलंय ते ठेवाच, फार खरं लिहिलंय.

लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, जिल्हाधिकाऱ्यांकडं आणि महापालिका आयुक्तांकडं, तालुक्याला तिसऱ्या सोमवारी. सुट्टी आली तर दुसऱ्या दिवशी. पण तिथं अर्ज विहित नमुन्यात, पंधरा दिवस आधी, आणि तक्रार वैयक्तिक लागते. १६३ सह्यांचं निवेदन तिथं चालत नाही, तुम्हाला दारातूनच परत पाठवतील. म्हणून चारही अक्कांचे वेगवेगळे अर्ज करा. "माझे अनुदान अमुक महिन्यापासून बंद आहे, कारण लेखी कळवावे, अंगठ्याऐवजी पर्यायी पद्धतीने पडताळणी करून थकीत रकमेसह चालू करावे." बास. लेखी कारण हा शब्द विसरू नका. आणि २००५ चा दप्तर दिरंगाईचा कायदा आहे, फाईल एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, पुढच्या स्मरणपत्रात त्याचा उल्लेख करा.

होटगीरोडवाला
माहिती अधिकाराबद्दल मी सांगतो, मी आमच्या रस्त्यासाठी टाकला होता. दहा रुपयाचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही लागत नाही. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो हे लक्षात ठेवा, नाहीतर त्यावरूनच परत येतो. ३० दिवसात उत्तर, नाही आलं तर त्याच ऑफिसात पहिलं अपील, मग ९० दिवसांच्या आत आयोगाकडं दुसरं, पण तिथं फार वेळ जातो, आधीच सांगतो.

"पाणी वेळेवर का येत नाही" असं विचारू नका, का ला उत्तर देत नाहीत, कागद मागा. आमच्या भागाचा व्हॉल्व्ह गेल्या तीन महिन्यात कोणत्या तारखेला किती वाजता उघडला आणि बंद केला त्या नोंदींची प्रत. नोंदच ठेवत नसतील तर तेसुद्धा लेखी द्यावं लागतं, आणि ते उत्तर पुढच्या निवेदनाला जोडता येतं. आणि तुम्ही पण वही घाला, तारीख, पाणी कधी सुटलं, कधी गेलं, दोन महिने. आमचं काम वहीनं झालं, खड्ड्यांच्या फोटोनं नाही.

त्रास होईल का विचारलंत तर अर्ज तुमच्या नावानं टाका, अक्कांच्या नावानं नको. पाण्याची माहिती कुणीही नागरिक मागू शकतो.

अक्कलकोट_रोड
अंगठ्याचं: माझ्या आईचं पण हेच होतं. पर्याय आहेत, डोळ्याचं स्कॅन आणि चेहरा. चेहऱ्याची पडताळणी मोबाईलवर होते. रेशनच्या ई-केवायसीसाठी "मेरा ई-केवायसी" ॲप आहे, त्यात चेहऱ्यावर झालं आईचं, पाच मिनिटात. पैसे काढायला मिनी बँकेत अंगठा लागतो पण ब्रँचला पासबुक घेऊन स्लिप भरली की मिळतात, तिथं नाही म्हणू शकत नाहीत. आणि अंगठा जुळत नाही म्हणून लाभ नाकारू नये अशी आधार प्राधिकरणाची २०१७ पासूनची सूचना आहे, अर्जात तेवढं एक वाक्य लिहा. आधी आधार केंद्रावर चारही जणींचं बायोमेट्रिक अपडेट करून घ्या, मोबाईल नंबर जोडलेला आहे का तेही बघा, आमचं खरं अडलेलं तिथंच होतं, जुना नंबर होता.

विडी_कामगाराची_लेक
कारकून काकांचं पटतंय पण एक गोष्ट पटत नाही. सगळे कागद वेगळे करा, एकेकटे जा, हे ऑफिसला सोयीचं आहे. कुंभारीची विडी कामगार बायकांची गोदूताई परुळेकर वसाहत, दहा हजार घरं, २००६ ला मिळाली ती काय विहित नमुन्यात अर्ज करून मिळाली का? नंतर रे नगरची तीस हजार घरं, त्यातल्या १५,००० च्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये मिळाल्या, त्याच्या मागं कितीतरी वर्षांचे मोर्चे आहेत, माझी आई डबा बांधून जायची. २१,००० ची अट एक अक्का आणि एक अर्ज घेऊन बदलणार नाही. ती मागणी सगळ्या विडीवाल्या बायकांची आहे, ती एकत्रच करायला पाहिजे.

माजी_अव्वल_कारकून
ताई तुमचं बरोबर आहे, मी लिहायला चुकलो. पेन्शन चालू करायला एकेकटा अर्ज, अट बदलायला मात्र १६३ सुद्धा कमी पडतील. तो तिसरा कागद युनियनमार्फत, सगळ्या वस्त्यांच्या सह्यांनिशी, मंत्र्यांच्या नावे आणि आपल्या आमदारांना प्रत, अधिवेशनाच्या आधी. फक्त तो मोर्चा निघेपर्यंत अक्कांचे १५०० थांबायला नकोत एवढंच माझं म्हणणं.

धागाकर्ती
सगळ्यांचे खूप आभार, खरंच. काल रात्री हे सगळं गल्लीत वाचून दाखवलं, तेलुगूत सांगितलं. माझी आई पण त्या मोर्चांना गेलेली आहे, ती लगेच म्हणाली की सह्यांचा कागद फाडू नको, तो तिसऱ्यासाठी ठेव. तसंच करणार आहे.

वही आजपासून सुरू केली, पहिली नोंद पहाटे ३:१० ला आली, ४:४५ ला बंद. माहिती अधिकार माझ्या नावानं टाकते. आधार केंद्रावर शनिवारी चौघींना रिक्षानं नेते, आणि तिथून आल्यावर लोकशाही दिनाचे चार अर्ज भरायचे, पंधरा दिवसांचा हिशोब केला तर पुढच्या महिन्याचा सोमवार मिळतोय.

एक अडचण राहिलीच. अर्जावर सही लागते आणि चौघींपैकी तिघींना सही येत नाही. निवेदनावर त्यांनी शाईचा अंगठा दिला होता तर तो नुसता काळा डाग उठलाय, रेषा नाहीतच. अशा अंगठ्यावर उद्या कुणी हरकत घेतली तर? शेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात का आणखी काही लागतं? कारकून काका, होटगीरोडवाले दादा, शनिवारच्या आत कळवाल का. आणि पूर्व भागातलं कुणी तो नमुना भरायला सोबत बसणार असेल तर मला व्यनि (खाजगी निरोप) करा, चौघींचं एका दुपारी उरकत नाही माझ्याच्यानं.