मदत हवी आहे : ‘मामा’ आपल्याकडे कुठून आला?

शाळेच्या भित्तिपत्रकासाठी ‘मामा’ या शब्दावर छोटी चौकट लिहितेय. मराठीत आईचा भाऊ, स्वाहिलीत आई आणि जॉर्जियनमध्ये चक्क वडील! (तिथे आईला ‘देदा’ म्हणतात.) तिन्ही भाषा वेगवेगळ्या कुळांतल्या, त्यामुळे हे साम्य बाळाच्या बोबड्या बोलांतून आलं असणार, हे पटतं. अडलंय ते मराठीपाशी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात अर्थ मिळाला. संस्कृतात ‘मातुल’ आहे, तसा ‘माम’ही आहे. पण तमिळमध्येही ‘मामा’ म्हणजे आईचा भाऊ, शिवाय सासराही. हा मला नुसता योगायोग वाटत नाही. इंटरनेटवरच्या याद्या पाहून झाल्या, त्यांत आधार नसतो आणि मुलांसमोर अंदाज मांडायचा नाही. मराठी ‘मामा’ संस्कृत ‘माम’वरून आला की द्राविडी भाषांतून, हे कोणत्या व्युत्पत्तिकोशात साधार दिलंय?