मदत हवी आहे: एफसीएने (यूकेची वित्तीय नियामक संस्था) बंदी घातलेला माणूस पेन्शन स्कीमचा ट्रस्टी राहू शकतो का? (यूके)

नमस्कार मंडळी,

यूकेतल्या पेन्शनबद्दल जाणकार कुणी असतील तर कृपया लवकर उत्तर द्या.

माझा नवरा इथल्या एका मध्यम आकाराच्या खासगी कंपनीत बरीच वर्षं आहे. कंपनीची जुनी फायनल सॅलरी स्कीम आहे, म्हणजे पगार आणि नोकरीची वर्षं यांवरून ठरलेली पेन्शन. नवीन लोक घेणं कधीच बंद झालंय, पण जुन्यांची सगळी भिस्त तिच्यावरच. यंदाच्या वार्षिक अहवालात ट्रस्टींमध्ये एक नवीन नाव दिसलं. मालकांचे नातेवाईक, अलीकडेच कंपनीचे संचालकही झालेत. पूर्वी पेन्शन सल्लागार होते म्हणे. मी एफसीएच्या रजिस्टरवर नाव शोधलं, तर त्यांना वित्तीय क्षेत्रात काम करायला बंदी!

आधी वाटलं, नामसाधर्म्य असेल. मग एफसीएची अंतिम नोटीस वाचली. तिच्यात त्यांच्या तेव्हाच्या फर्मचं नाव आहे. कंपनीज हाउसवर (कंपन्यांची सरकारी नोंदणी) पाहिलं तर त्या फर्मचे आणि आमच्या कंपनीचे संचालक एकच, जन्माचा महिना आणि वर्षसुद्धा तेच. लोकांना चांगल्या पेन्शनमधून बाहेर काढून जोखमीच्या गुंतवणुकीत घातलं आणि तिच्यात स्वतःचा हितसंबंध आहे हे लपवलं, असं नोटिशीत स्वच्छ लिहिलंय. वाचून हातपाय गळाले.

पण द पेन्शन्स रेग्युलेटरने (पेन्शन स्कीमवर देखरेख करणारी वेगळी संस्था) बंदी घातलेल्या ट्रस्टींच्या यादीत त्यांचं नाव नाही. म्हणजे ते ट्रस्टी राहू शकतात? तक्रार केली तर कंपनीत नवऱ्याचं नाव कळेल का? निवृत्तीला थोडीच वर्षं उरलीत, आता नोकरीवर गदा यायला नको. आणि पैसे दुसरीकडे हलवावेत का? परवा एकाचा आपणहून फोन आला होता, 'मी ट्रान्सफर करून देतो' म्हणून.

प्रतिसाद

ताई, आमच्या स्कीममध्ये सभासदांनी निवडलेला ट्रस्टी म्हणून काम केलंय, त्यावरून सांगतो.

पहिलं म्हणजे, त्या फोनवाल्याला अजिबात दाद देऊ नका. पेन्शनबाबत असे अनाहूत फोन करायला जानेवारी २०१९ पासून बंदी आहे, त्यामुळे कायदा मोडणाऱ्याच्या हाती पैसे देण्याचा प्रश्नच नाही. शिवाय फायनल सॅलरीचे हक्क ३०,००० पौंडांच्या वर असतील तर अधिकृत सल्ला घेतल्याशिवाय ते हलवता येत नाहीत. घाबरून बाहेर पडलात तर आयुष्यभराची ठरलेली पेन्शन हातची जाईल.

एफसीएची बंदी ट्रस्टीपदाला आपोआप लागू होत नाही. १९९५च्या पेन्शन्स ॲक्टमध्ये आपोआप अपात्र होतात ते फसवणुकीसारख्या गुन्ह्यात दोषी ठरलेले, दिवाळखोरीतून मुक्त न झालेले आणि संचालकपदाला अपात्र ठरलेले. मात्र त्याच कायद्याच्या कलम ३ खाली रेग्युलेटर कुणालाही अयोग्य ठरवून ट्रस्टीपदाची बंदी घालू शकतो, आणि त्यावर विचार चालू असताना निलंबितही करू शकतो. बंदी मोडून काम केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मॅक्सवेल प्रकरणात मालक रॉबर्ट मॅक्सवेलकडून मिरर या वृत्तपत्र ग्रुपच्या कामगारांचं पेन्शन लुटलं गेलं, त्यानंतर आलेला हा कायदा आहे, तो वापरा.

रेग्युलेटरकडे नाव न देताही माहिती देता येते. एफसीएची नोटीस, कंपनीज हाउसची नोंद आणि अहवालाचं ते पान, तिन्ही एकत्र पाठवा. नोटीस हा तुमच्याकडचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. बाकीच्या ट्रस्टींना हे माहीत नसण्याचीही शक्यता आहे. त्यांच्यात सभासदांनी निवडलेले किमान एक तृतीयांश असायला हवेत, त्यातला विश्वासातला कुणी असेल तर नवऱ्याला त्याच्याशी बोलू दे.

अहवालातलं गुंतवणुकीचं पानही नीट पाहा. स्वतःच्याच कंपनीशी संबंधित गुंतवणूक एकूण मालमत्तेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि कंपनीला कर्ज तर देताच येत नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार, फोनवाल्याचा नंबर ब्लॉक केला. अहवाल पुन्हा पाहिला. कंपनीचं गोदाम आहे ती जागा स्कीमच्या मालमत्तेत दिसतेय. ती या ५ टक्क्यांत धरतात का?

प्रतिसाद

हो, कंपनी वापरत असलेली जागाही धरतात. तिची किंमत आणि स्कीमची एकूण मालमत्ता, दोन्ही आकडे त्याच अहवालात मिळतील. टक्केवारी काढा आणि जागा कधी घेतली तेही शोधा. हे गृहस्थ ट्रस्टी झाल्यानंतरची असेल तर रेग्युलेटरला लिहिताना ते सगळ्यात वर लिहा.