अनुभव धागा: पार्ट टाईम नोकरीचा अनुभव पीआरच्या फाईलीत कसा दाखवला? (सोलापूर आणि आसपासचे)

नमस्कार मंडळी. आपल्याकडनं पीआरसाठी, म्हणजे तिकडं कायमचं राहायच्या परवानगीसाठी, ऑस्ट्रेलिया-कॅनडाची फाईल लावणारे आता गल्लोगल्ली आहेत, पण सल्ला द्यायला येणारे सगळे पुण्यातल्या मोठ्या आयटी कंपनीतले, त्यांनी एचआरला मेल टाकला की लेटर हजर. आपलं तसं नसतं ना. आपल्यातल्या कित्येकांनी कॉलेजात तासिका घेतल्यात, दोन दवाखान्यांत अर्धा अर्धा दिवस काढलाय, नाहीतर कारखान्याचं काम घरात बसून केलंय आणि पगार पाकिटात. अशा अनुभवाची फाईल ज्यांची पार पडली किंवा अडकली त्यांनी सविस्तर लिहा. फक्त देश कुठला ते आधी सांगा. ऑस्ट्रेलियात अनुभवाचे पॉइंट मिळायला आठवड्याला किमान २० तासांचं पगारी काम लागतं. कॅनडाच्या फेडरल स्किल्ड वर्कर या पीआरच्या योजनेत एकूण १५६० तास बघतात, म्हणजे ३० तासांनी एक वर्ष नाहीतर १५ तासांनी दोन वर्षं, तेही सलग. एकाचा सल्ला दुसऱ्यानं वापरला की फाईल बोंबलली.

तासिकावाली: मी सुरुवात करते. कॅनडा. दोन सीनियर कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवत होते, दोन्हीकडं आठवड्याला ९-९, म्हणजे १८. ऑस्ट्रेलियाला हे चालतच नाही, २० च्या खाली, विषय संपला. कॅनडाला तासांची बेरीज होते म्हणून हुरूप आला, तर तिथं दुसरीच गोम. तासिकेची ऑर्डर वर्षाची नसते, सत्र संपलं की आपण मोकळे आणि पुढची ऑर्डर कधी ऑगस्टात कधी त्याच्याही पुढं, मग सलग म्हणायचं कशाला? आणि कॉलेजनं दिलेलं प्रमाणपत्र एका ओळीचं, "तासिका तत्त्वावर कार्यरत होत्या", बास. तास किती, विषय कुठला, मानधन किती, काही नाही. हेडक्लार्क म्हणले मॅडम हाच फॉरमॅट आहे आमच्याकडं, सगळ्यांना हाच देतो. शेवटी कामाला आली ती महिन्याची बिलं. तारीख, वर्ग, तासिका, खाली विभागप्रमुख आणि प्राचार्यांची सही. त्या बिलांवरनं तासांचा तक्ता केला, साहेबांपुढं ठेवला आणि तेच आकडे टाकून नवीन पत्र टाईप करून घेतलं. तरी मुख्य वर्ष म्हणून मी नंतरची बारा महिन्यांची काँट्रॅक्टची नोकरीच धरली. तासिकांचे पॉइंट मागितले नाहीत पण दहा वर्षांच्या हिस्ट्रीत ती नोकरी लिहिली, कारण तिथं रिकामी जागा सोडली की ते विचारतातच.

जुळे_सोलापूर: घरी पेपर तपासायचे, तयारी करायची, ते तास धरत नाहीत का?

तासिकावाली: कॉलेज लिहून देत असेल तर धरा की ओ. माझे कॉलेजवाले तर तासिकेची मिनिटंसुद्धा लिहून देईनात.

हातपायमोकळे: फिजिओथेरपिस्ट, कॅनडा, पीआर झालं. सकाळी ९ ते १२ एका ऑर्थोच्या दवाखान्यात, संध्याकाळी ६ ते ८ दुसरीकडं, सहा दिवस. १८ अधिक १२, बरोब्बर ३०. कॅनडाला दोन नोकऱ्या मिळून ३० तास भरले तरी फुल टाईम धरतात, काम मात्र एकाच प्रकारचं पाहिजे. मोठ्या डॉक्टरांनी प्रेमानं लेटर दिलं, त्यात मी सालस, मनमिळाऊ, पेशंटशी गोड बोलणारी आणि त्यांच्या शुभेच्छा माझ्या पाठीशी. अहो हे लग्नाच्या बायोडेटाला चालेल! व्हिसावाल्याला लागतं ते वेगळं: लेटरहेड, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, पगार आणि रोज काय काम करत होता ते. परत गेले तर डॉक्टर म्हणले तूच टाईप करून आण, मी सही करतो. कामाचं वर्णन सरकारी वेबसाईटवरनं जसंच्या तसं उचलू नका, ते त्यांना पाठ असतं. मी गुडघा बदललेल्या पेशंटला चालवणं, फ्रोझन शोल्डर, लकव्याचे पेशंट असं लिहिलं. पगार रोख होता, पण संध्याकाळच्या दवाखान्यातले कंपाउंडर काका जुने, दर महिन्याला व्हाउचरवर रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवून त्यावर सही घ्यायचे. तेव्हा आम्ही हसायचो. ती सगळी व्हाउचरं त्यांनी फाईलीतनं काढून दिली, स्कॅन करून लावली.

अक्कलकोट_रोड: नवऱ्याचं सांगते, कॅनडा. टेक्स्टाईल डिझायनर, एमआयडीसीतल्या चार-पाच चादर-टॉवेलच्या कारखान्यांना जकार्डची डिझाईनं करून द्यायचा, नोकरी एकाकडंही नाही. म्हणजे सेल्फ एम्प्लॉइड. एजंट म्हणला नोटरीकडं जाऊन ॲफिडेव्हिट करा, मी अमुक वर्षं अमुक तास काम केलं म्हणून. बरं झालं केलं नाही. स्वतःच स्वतःबद्दल लिहिलेलं कॅनडा मानत नाही, काम ज्यांना दिलं त्यांचे कागद लागतात, पैसे किती दिले त्याच्यासकट. कारखानदार तोंडानं वाट्टेल तेवढं कौतुक करतील पण लिहून द्यायचं म्हणलं की जीएसटीची भीती. दोघांनी दिलं. बाकी त्याचं बिलबुक होतं, कार्बन घातलेलं, "टॉवेल बॉर्डर ३ नग" असल्या नोंदींचं, त्यातली बिलं बँकेच्या एंट्रीला आणि इन्कम टॅक्स रिटर्नला जुळवली. उद्यम रजिस्ट्रेशन होतं तेही जोडलं. खरी डोकेदुखी तासांची, बिलावर नग असतात, तास नसतात. एका डिझाईनला साधारण किती वेळ जातो ते कारखानदारांच्या पत्रातच लिहून घेतलं. आणि हे कॅनडात जाऊन फ्रीलान्स करून कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लाससाठी (कॅनडातल्याच कामाच्या अनुभवावरची पीआरची योजना) दाखवाल तर चालत नाही, तिथं सेल्फ एम्प्लॉइड धरत नाहीत.

कडकभाकरी: ऑस्ट्रेलिया, आयटी, म्हणजे अनुभव तपासणार एसीएस (ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी). सात रस्त्याजवळच्या एका छोट्या ऑफिसात पाच जण होतो, पीएफ नाही कारण माणसंच कमी, आठवड्याला २५ तास, म्हणजे पास. पण मालकानं गाशा गुंडाळला आणि लेटर द्यायला कोण उरलं नाही. एसीएसला बरोबरच्या सहकाऱ्याचं ॲफिडेव्हिट चालतं, तुमचं काम त्यानं जवळनं बघितलेलं पाहिजे आणि पैशाचे पुरावे वेगळे. माझा टीडीएस प्रोफेशनल फी म्हणून कापला होता, तो २६एएस मधे (इन्कम टॅक्सवाल्यांचा कापलेल्या टॅक्सचा तक्ता) दिसत होता, त्याला बँक स्टेटमेंट जोडलं. एक लक्षात घ्या, एसीएस सुरुवातीची काही वर्षं कापून घेतं, पॉइंट त्याच्या पुढच्या अनुभवाचे. ऑस्ट्रेलियाबाहेरच्या कामाला तीन वर्षं झाल्याशिवाय पहिले ५ पॉइंटच नाहीत, त्यामुळं पार्ट टाईमचं एखादं वर्ष वाचवायला जीव टाकायचा की नाही ते आधी बेरीज करून बघा. माझं वर्ष कापण्यातच गेलं!

नवीपेठ: मी आत्ता कॅनडात शिकायलोय, कॉफीच्या दुकानात पार्ट टाईम. हे धरतील का?

हातपायमोकळे: नाही रे भाऊ. फुल टाईम शिकताना केलेलं काम कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लासमधे धरतच नाहीत. त्यात काउंटरवरचं काम स्किल्डमधे येत नाही.

होटगी_रोड: आणि मी सहा महिने आठवड्याला ६० तास केलं तर वर्ष भरलं ना? १५६० होतात की.

तासिकावाली: नाही भरत. आठवड्याला ३० च्या वरचे तास सोडून देतात.

नवीपेठ: एकजण म्हणायलाय पैसे दे, कुठलंपण लेटर काढून देतो, तासासकट.

कडकभाकरी: त्याला लांबनंच नमस्कार कर. खोटा कागद सापडला तर कॅनडा पाच वर्षं दार बंद करतं, ऑस्ट्रेलियात तीन वर्षं. आणि ते खरंच फोन करून विचारतात.

अक्कलकोट_रोड: फोनचं मात्र बघा हं. आमच्या एका पत्रावर कारखान्याचा लँडलाईन होता, तो कधीचाच बंद. मालकांचा चालू मोबाईल आणि मेल टाकून पत्र परत करून घेतलं. आणि कुणाचं पत्र मराठीत असेल, सहकारी संस्था वगैरे देतात तसं, तर इंग्रजी भाषांतर आणि मूळ पत्राची कॉपी दोन्ही लावा, भाषांतर घरातल्या कुणी केलेलं चालत नाही.

जुळे_सोलापूर: तासिकावाली ताई, तो तासांचा तक्ता कसा केला त्याचा नमुना टाकाल का? कॉलेजचं नाव खोडून. मला सोमवारी प्राचार्यांना भेटायचंय.