शिवनेरीवर जाऊन नुसता पाळणा बघून उतरायचं, याला गड बघणं म्हणायचं का?

भटक्या_पुणेकर
परवा परत शिवनेरीला गेलो आणि परत तेच चित्र. लोक सात दरवाजे चढतात, जन्मस्थानी पाळण्याला नमस्कार, शिवकुंजात फोटो, की चालले खाली मिसळ खायला. अहो महाराज जन्मले १६३० ला, त्याच्या दीड हजार वर्षं आधी इथे माणसं राबत होती! नाणेघाटातून माल वर जुन्नरला यायचा तेव्हाची बौद्ध लेणी कड्यात आहेत. वर गंगा-जमुना टाकी आहेत, आणि ती कमानी मशीद, दोन मिनार आणि त्यांना जोडणारी हवेत तोललेली कमान, तिच्यासमोर पाच मिनिटं थांबायला काय जातं?

शिवभक्त_९६
भाऊ, आम्ही महाराजांसाठीच जातो आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पंढरपूरला जाणाऱ्याला तुम्ही देवळाचे खांब कुठल्या शतकातले ते विचारता का?

भटक्या_पुणेकर
लाज कोण म्हणतंय. पण महाराजांच्या हयातीत हा गड स्वराज्यात आलाच नाही, प्रयत्न करूनही, हे वर आलेल्या किती जणांना माहितीये? शहाजीराजांनी १६३७ मध्ये सोडला तो मोगलांकडेच राहिला. जन्मला त्या गडावर राजाला परत पाय ठेवता आला नाही, ही गोष्ट पाळण्यापाशी कळली तर भक्ती कमी होईल का वाढेल?

शिवभक्त_९६
ते माहिती होतं. तरी मशिदीवर एवढा जोर का ते कळलं नाही.

जुन्नरची_लेक
मी इथलीच, आणि मशिदीवरून भांडताना तो कोळी चौथरा दोघांनाही आठवला नाही बघा. मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांची मुंडकी तिथे उडवली असं आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात. बाकी दादा, लेण्यांकडे गर्दी वळवायची घाई करू नका हो. शिवाईच्या देवळामागे जी लेणी सहज हाताशी आहेत तिथे आत जाऊन बघा भिंतींवर काय काय खरडलंय, आणि जी आडबाजूला आहेत ती कोणी जात नाही म्हणूनच जरा बरी आहेत. त्यात साखळीची वाट म्हणजे गंमत नाही, पाय सटकला तर संपलं, वर आग्या मोहोळं वेगळी.

भटक्या_पुणेकर
ताई साखळीच्या वाटेने कोणालाच पाठवत नाहीये. पण २०२५ ला युनेस्कोच्या यादीत नाव आल्यावर गर्दी वाढणारच की, मग निदान देवळापाशी एखादा माणूस बसवा ना जो सांगेलही आणि खरडणाऱ्याला हटकेलही.

जुन्नरची_लेक
माणूस बसवा, चालेल. पण १९ फेब्रुवारीला त्याचं कोण ऐकणारे ते सांगा!