मदत हवी आहे: गाडी लवकर चार्ज करण्याचे घरगुती उपाय कितपत खरे?

माझ्या इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी ४० किलोवॅट-तासांची आहे. घरी १६ अँपिअरच्या सॉकेटवर सुमारे ३.३ किलोवॅट मिळतात, म्हणजे २० ते ८० टक्क्यांना जवळजवळ आठ तास. गाडीतला चार्जर मात्र ७.२ किलोवॅटचा आहे.

दोन उपाय ऐकले. पहिला, दोन सॉकेट एका केबलने जोडून दुप्पट करंट घेणे. हा मी सोडून दिला. दोन्ही सॉकेट वेगळ्या फेजवर निघाले तर थेट शॉर्ट, आणि एक प्लग काढला तर त्याच्या उघड्या पिनांत वीज. घरात लहान मूल आहे, नकोच.

दुसरा, फास्ट चार्जरच्या गनच्या (गाडीत लावायच्या प्लगच्या) मुठीला ओलं फडकं गुंडाळणे. मुठीतल्या सेन्सरला ती गार वाटते आणि करंट कमी होत नाही, असं म्हणतात. पण आतले संपर्क तापलेलेच असतील तर आपण इशाराच बंद करतोय ना? कुणी केलंय का? गन किंवा पोर्टला काही इजा झाली?

मला स्वतःला ३२ अँपिअरची स्वतंत्र लाइन हाच खरा मार्ग वाटतो. मीटरपासून पार्किंग २५ मीटर आहे. तांब्याची ६ चौरस मिमी वायर पुरेल की १० घ्यावी? तासन्‌तास पूर्ण लोड राहणार, म्हणून विचारतोय. अर्थिंग आणि आरसीसीबीचं (वीज गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं) काय केलंत, तेही सविस्तर सांगा. सध्याचं सॉकेट हाताला चांगलंच गरम लागतं, तेव्हा लवकर सांगितलंत तर बरं होईल.